पायात उतरलेलं दूध

आधी कामाचं सांगते, मंग माझं रडगाणं. बाळंतिणीचा एकच पाय सुजला, पांढराफटक पडला, तापला, आन हात लावला की जीव जाऊन राह्यला, तर त्या पायाला तेल लावू नका. रगडू नका. तिला उचलून गाडीत घाला आन दवाखान्यात न्या. जल्दी न्या. आन कुणी म्हणलं की दूध पायात उतरलंय, तर त्या माणसाला दारातूनच वाटंला लावा. मंग ती सासू का असंना.

माझ्या येळंला असं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सांगून राह्यले. लिहिणारी दुसरी हाय, मला अक्षर येतं ते सहीपुरतं. ती म्हणती, लोकांना राग यील असं बोलू नको. मी म्हणलं, तू बराबर लिही, राग माझा हाय.

दहावा दिवस

मी अठरा वर्षांची होते. सासर वाटूरचं. घर खाऊनपिऊन सुखी, चार बैलांचं. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. थोरले दीर, जाऊबाई, आमचे मालक आन मी. जाऊबाईचा मुलगा महिन्याचा होऊन वारला, त्याला पंधरा दिवस झाले न्हाईत तर माझी पोरगी झाली. जाऊबाईच्या अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दहाव्या दिवशी डाव्या पोटरीत कळ निघाली. सखू सुईण रोज अंग चोळायला यायची. ती म्हणली, "बाजेवर पडून पडून रग लागली, दुसरं काय!" आन तिनं तेल घेऊन रगड रगड रगडलं. मी बोंबलून राह्यले तर म्हणती, "वरडू नको, बाळंतिणीनं वरडू नये, कानात वारं जातं." संध्याकाळपर्यंत पाय भोपळ्यावानी झाला. पायातला चांदीचा तोडा मांसात रुतला. अंगात ताप.

आत्याबाईनं बॅटरी लावून पाहावं तसं वाकून पाहिलं, बोट दाबलं, खड्डा पडला. पाय पांढरा. आन त्यांचा निकाल झाला.

"दूध पायात उतरलं. नासलं आता ते. ह्याचा एक थेंब लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका, वीख हाय."

माझ्या मांडीवरून पोरगी उचलली आन जाऊबाईच्या मांडीवर ठेवली. जाऊबाईनं चोळीची गाठ सोडली. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली. मी जाऊबाईच्या तोंडाकडं पाहिलं. त्या बाईच्या तोंडावर सुख होतं! माझा पाय फाटून राह्यला, माझं लेकरू माझ्या डोळ्यांदेखत दुसरीला लागलं, आन तिच्या तोंडावर सुख. ते मी बारा वर्षं विसरले न्हाई.

निकालावर शिक्का

सकाळी बैलगाडीत गवत घालून मला परतूरला नेलं आन तिथून रेल्वेनं जालन्याला. लेकरू घरीच. गाडीच्या एकेका हिसक्याला मी दातात पदर धरत होते, पण मनात एकच चाललं होतं, डाक्टर खरं सांगंल, आत्याबाईला झापंल, आन चार दिवसांत लेकरू मला मिळंल.

बायकांचाच दवाखाना होता तो. नाव सांगत न्हाई. डाक्टरीणबाई पुण्याकडच्या, कमलाबाई. चष्मा, आखूड केस न्हाईत पण आखूड बोलणं, पायाला भिंगरी. त्यांनी पाय पाहिला, जांघेत बोटं लावली, ओठ आवळले. आत्याबाई म्हणल्या, "बाई, दूध उतरलंय न्हवं पायात?"

डाक्टरीणबाई कागदावर काही लिहीत होत्या. मान वर न करता म्हणल्या, "हो हो, आजी, आमच्याकडची जुनी माणसंही असंच म्हणायची. साहेबाच्या देशातले डॉक्टरसुद्धा म्हणायचे एकेकाळी." आन निघून गेल्या.

झालं! आत्याबाईला आणखी काय पाहिजे? "ऐकलं का? डाक्टरीणबाईबी तेच म्हणल्या. साहेबबी तेच म्हणतो." मालक मान हलवून राह्यले. त्यांची मान हलायलाच केली होती देवानं. दोघं संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

दुसऱ्या दिवशी डाक्टरीणबाई निवांत खाटेवर बसल्या आन म्हणल्या, "द्वारकाबाई, दूधबीध काही नाही. तुमच्या जांघेतल्या मोठ्या शिरेत रक्त गोठलंय. पायातलं रक्त वर जायची वाट बंद झाली, म्हणून पाय सुजला. दुधाचा आणि पायाचा काही संबंध नाही."

"मंग माझं दूध चांगलं हाय?"

"अगदी उत्तम."

"मंग हे काल का न्हाई म्हणल्या?"

त्या म्हणल्या, "काल दोन बायका अडलेल्या होत्या. माझं लक्ष नव्हतं."

तुमचं लक्ष नव्हतं आन माझं लेकरू माझ्या हातून गेलं. मी तोंडावर म्हणलं तसं. बाजूच्या खाटंवरच्या बाईनं घाबरून पदर तोंडाला लावला. डाक्टरीणबाईचे कान लाल झाले. घरी सांगावा धाडला त्यांनी, चिठ्ठी लिहून. आत्याबाईचा उलटा सांगावा आला: बाई एकदा एक म्हणती, एकदा एक म्हणती, आम्ही पहिलं खरं मानतो.

हलायचं न्हाई

दवाखान्याच्या मिस्तरीनं कानशीनं घासून तोडा कापला. पाय दोन लोडांवर उंच ठेवला. हलायचं न्हाई, बसायचं न्हाई, उठायचं न्हाई. सहा आठवडे. हगणंमुतणंबी पडल्या जागी. चंद्रभागा म्हणून आया होती, म्हातारी, तोंडानं फाटकी, हातानं मायाळू. ती भांडं लावायची आन म्हणायची, "लाजू नको, राणीसाहेब अशाच करतात."

का हलायचं न्हाई ते मी खोदून विचारलं. डाक्टरीणबाई खोटं बोलायच्या न्हाईत, ही त्यांची खोड. म्हणल्या, "ती गाठ सुटून वर गेली आणि छातीत अडकली तर माणूस जागच्या जागी जातं. रगडल्यानंच ती सुटायची, ती सुटली नाही हे तुमचं नशीब."

झालं, तिथून पुढं मला खोकलाबी भ्या घालायचा. शिंक आली की मी नाक दाबून धरायची. छातीत जराशी कळ आली की वाटायचं, आली गाठ, आली. भीती काय असती ते मला त्या खाटंवर कळलं. मरायची भीती तर होतीच, पण मी मेले तर पोरगी जाऊबाईला आई म्हणंल, ह्याची जास्त होती. खरं ते सांगते.

मालक आठवड्याला एकदा यायचे. पेरू आणायचे. भिंतीकडं पाहून बोलायचे. दुसऱ्याच खेपंला सांगितलं, "बारसं झालं. मथुरा नाव ठेवलं."

"कुणाच्या मांडीवर बसवून?"

पेरू पुसायला लागले धोतरानं. "वहिनीच्या. आई म्हणली, बाराव्या दिवशी व्हायला पाहिजे."

मी तो पेरू घेतला आन त्यांच्या अंगावर फेकला. उभा वार्ड हसला. मला अंग हलवल्याबद्दल डाक्टरीणबाईची बोलणी बसली.

जांभळी पेन्सिल

आता डाक्टरीणबाईचं ऐका. त्या नुसत्या डाक्टरीण नव्हत्या. दवाखान्याच्या मागं त्यांची एक खोली होती, तिच्यात काचंच्या बरण्या, बारीक गोष्ट मोठी दाखवणारी दुर्बीण आन जिते बेडूक. मुंबईला दोघं जण होते त्यांचे जोडीदार. तिघं मिळून एकाच गोष्टीचा छडा लावून राह्यले होते: अंगात रक्ताच्या नळ्या तयार कशा होतात, बंद कशा पडतात, आन बंद पडल्यावर अंग आपलं आपण दुसरी वाट कशी काढतं. त्यांना माझा पाय म्हणजे घबाडच.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या जांघेवर आन ओटीपोटावर निळ्या शिरा दिसायला लागल्या. आधी नव्हत्या. मला वाटलं, आता सगळंच नासलं. डाक्टरीणबाई मात्र पाहून अशा खूश झाल्या, जसा माझ्या पोटावर त्यांना मुलगा झाला. रोज सकाळी पडदा लावायच्या, जांभळी पेन्सिल जिभंला लावायच्या आन त्या शिरांच्या बाजूनं माझ्या कातड्यावर रेघ ओढायच्या. मंग वर पातळ तेलकट कागद ठेवून नक्कल काढायच्या. नक्कल मुंबईला जायची.

एक दिवस मी त्यांचं मनगट धरलं. "बाई, एक विचारते. तुम्ही मला बरं करून राह्यल्या, का मला पाहून राह्यल्या?"

"दोन्ही," त्या म्हणल्या. "बरं तुमचं अंग करतंय, द्वारकाबाई. मी फक्त बघतेय ते कसं करतं. मोठी वाट बंद झाली, म्हणून रक्तानं ह्या बारक्या वाटा रुंद केल्या. पुढल्या बाईला ह्याचा उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते."

"पुढल्या बाईचं राहू द्या. माझं लेकरू आणून द्या, मंग माझ्या अंगावर पाहिजे तेवढं गिरवा."

"ते माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्याच हातात होतं. मान वर करून एकदा न्हाई म्हणायचं होतं."

हे बोलणं बरं नव्हतं. पण मला बरं बोलायचंच नव्हतं. पाय लोडावर, छाती दुधानं दगड झालेली, आन लेकरू दहा कोसांच्या पल्याड. तुम्ही काय बोलल्या असत्या?

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्या आठवड्यापासून करून घेतली. म्हणल्या, दूध आटू द्यायचं नाही, दर तीन घंट्यांनी हातानं पिळून काढायचं. काढायचं आन टाकायचं. चंद्रभागा वाटी घेऊन जायची आन अंगणातल्या डाळिंबाच्या बुडात ओतायची. म्हणायची, "डाळिंबं लई गोड व्हतील बघ यंदा." मी पिळायची आन रडायची. डाक्टरीणबाई म्हणायच्या, रडा, पण पिळा.

बेडकी

चौथ्या आठवड्यात आत्याबाई आल्या. डाक्टरीणबाईनं त्यांना त्या मागल्या खोलीत नेलं. आत्याबाईनंच मला मंग येऊन सांगितलं, नाकाला पदर लावून.

एक जिती बेडकी फळीला बांधलेली. तिच्या मागल्या पायाच्या बोटांमधलं पातळ कातडं काचंवर ताणून ठेवलेलं. आत्याबाईनं दुर्बिणीत डोळा लावला. आत रक्त पळताना दिसलं, पाटाच्या पाण्यावानी, बारक्या बारक्या वाटांनी. मंग डाक्टरीणबाईनं बारीक सुईनं एक वाट दाबून बंद केली. रक्त थांबलं, मागं सरलं, घुटमळलं, आन थोड्या येळानं बाजूच्या वाटंनी पळायला लागलं.

"पाहिलं ना आजी? सुनेच्या पायात हेच झालंय. कुठं दिसलं का दूध?"

आत्याबाई म्हणल्या, "बाई, बेडकीला कधी पान्हा फुटतो का? तिला दूधच न्हाई, तर पायात उतरंल कुठून?"

हे ऐकून माझ्या खाटंपाशी चंद्रभागा हसून हसून खाली बसली. मलाबी हसू आलं, देवाशपथ, त्या परेशानीतबी आलं. मागोमाग आलेल्या डाक्टरीणबाईचं तोंड मात्र पाहण्यासारखं झालं होतं. पुण्यामुंबईची अक्कल एका बाजूला आन वाटूरची म्हातारी एका बाजूला, आन म्हातारी जिंकली.

त्या दिवशी मला कळलं, ह्या बाईच्या काचंतून माझं लेकरू येणार न्हाई. आत्याबाईचं आत्याबाईच्याच मापानं मोजावं लागंल.

परीक्षा

आमच्याकडं बाळंतिणीचं दूध पारखायची जुनी रीत हाय. वाटीत दूध घ्यायचं, त्यात जिता मुंगळा सोडायचा. पोहून काठावर आला तर दूध चांगलं. बुडून मेला तर वीख. मी मालकांच्या हाती सांगावा धाडला: लेकरू घेऊन या, मुंगळा सोडा. हरले तर मथुरा, माझी मथी, जाऊबाईची, मी पुन्हा नाव काढणार न्हाई. जिंकले तर माझी.

डाक्टरीणबाईला कळलं तवा त्या तणतणत खाटंपाशी आल्या. "वेड लागलंय का तुम्हाला? मुंगळा कशातही बुडतो! पाण्यात बुडतो, गाईच्या दुधात बुडतो. त्यावर लेकरू लावता?"

"मंग काय करू? तुमची बेडकी तर हरली."

"पण हे खरं नाही, द्वारकाबाई. जे दिसतं तेच सांगायचं असतं, आणि ह्यात दिसण्यासारखं काहीच नाही."

"आत्याबाईला दिसतं," मी म्हणलं.

सहावा आठवडा संपताना सगळे आले. मला लोडाला टेकून बसवलं होतं. जाऊबाईच्या हातावर मथी, गुटगुटीत, टोपडं घातलेलं. मी हात पसरले तर आत्याबाई म्हणल्या, "आधी परीक्षा." घरून काशाची वाटी आणली होती, घासून लख्ख. मी पडद्याआड दूध काढलं. चंद्रभागानं डाळिंबाच्या झाडावरून मुंगळा धरून आणला, चांगला टपोरा, काळा. जाऊबाई माझ्या खाटंशी उभ्या, आत्याबाई समोर वाकलेल्या, मालक दाराशी. डाक्टरीणबाई हातात औजारांचा ट्रे घेऊन मागं उभ्या. येणार न्हाई म्हणल्या होत्या, पण आल्त्या.

मुंगळा सोडला. त्यानं पाय मारले, काठापाशी आला, वर चढला. काशाची वाटी गुळगुळीत, घसरला. पुन्हा आला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा अर्धा वर आल्ता, मी मनात म्हणलं चढ रे बाप्पा चढ, आन तो पाठीवर पडला. मंग त्याचे पाय हळू झाले. दोन हलत होते, मंग एक. आत्याबाईनं तोंडानं च्च केलं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. डाक्टरीणबाईच्या हातून ट्रे पडला. चिमटे, कात्र्या, सगळं फरशीवर. आत्याबाई "अगं बाई!" करून मागं वळल्या. मालक वेचायला धावले. आन मी पाहिलं, जाऊबाईच्या डाव्या हातावर मथी होती, उजवा हात त्यांनी खाली नेला, तर्जनी वाटीत बुडवली, मुंगळा नखावर घेतला आन काठावर ठेवला. बोट पदराला पुसलं.

आमची नजरानजर झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. जो मुंगळा बुडला असता तर लेकरू त्यांचं होणार होतं, तो त्यांनी आपल्या हातानं काढला.

आत्याबाई वळल्या. मुंगळा काठावर बसून मिशा पुसून राह्यला होता. "आला की भाईर!" त्या म्हणल्या, आन वाकून नीट पाहिलं. "न्हाई बाई. दूध चांगलं हाय. घे द्वारके, घे तुझं लेकरू."

जाऊबाईनंच मथीला माझ्या मांडीवर ठेवलं आन वऱ्हांड्यात निघून गेल्या. त्यांची चोळी समोरून भिजली होती. मथी मला ओळखत नव्हती. तोंड फिरवून फिरवून रडली, मान दाराकडं. कितीतरी येळानं दमून लागली. मी त्या बाईला हाक मारून आत बोलवायला पाहिजे होतं. न्हाई बोलवलं. लाज वाटली, आन राग अजून गेला नव्हता, दोन्ही एकदम.

मागून

पाय वाचला. संध्याकाळी अजून सुजतो, उशीवर ठेवून झोपावं लागतं. पोटावरची निळी शीर अजून हाय. निघताना मी डाक्टरीणबाईला विचारलं, "ट्रे पडला का पाडला?" त्या चष्मा पुसून म्हणल्या, "पाय उंच ठेवत जा." पुढं त्यांची बदली झाली. त्यांच्या कागदावर माझं पोट मुंबईत कुठंतरी पडून असंल. असू द्या. पुढल्या बाईला कामी येवो, आता मला राग न्हाई. थोडा हाय.

आत्याबाई वारल्या. जाऊबाईला पुन्हा मूल झालं न्हाई. मथी त्यांना थोरली आई म्हणती, मला नुसती आई. दोघींत कुणाचं जास्त ऐकती ते विचारू नका. मुंगळ्याची गोष्ट जाऊबाईनं कधी काढली न्हाई आन मीबी काढली न्हाई. बारा वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाली, आन ती लिहून घेणारी मथीच हाय.

आत्ता तिनं टाक ठेवला आन उठून चुलीपाशी जाऊबाईकडं गेली. बराच येळ आली न्हाई. आता आलीय, डोळे पुसत, आन मला सांगून राह्यली, "थोरली आई म्हणती, द्वारकीला तापात काय दिसलं असंल. मुंगळा आपल्या पायानं वर आल्ता. तसंच लिही म्हणली."

न्हाई. मी पाहिलं ते लिही.